हॉलमधला तंबू

चेन अडकली तेव्हा शैलेंद्र आधी हसला. 'देख,' तो म्हणाला, 'नवा कोरा माल आणि पहिल्याच दिवशी बोंब.' त्यानं पुन्हा ओढली. चेन खालून वीतभर उघडून थांबली होती. आतल्या जाळीच्या पडद्याची कड तिच्या दातांत गेली होती आणि प्रत्येक ओढीसरशी आणखी आत जात होती. वसुधाला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. ती मांडी घालून बसली होती, डोकं जरा वाकवून, कारण मान ताठ केली की केस कापडाला लागत. मे महिन्यातली दुपार. बाहेर, म्हणजे त्यांच्याच हॉलमध्ये, खिडकीतला कूलर घरघरत होता आणि त्याचा वारा तंबूच्या एका अंगावर आपटत होता. मघाशी याच वाऱ्यावर शैलेंद्र खूष झाला होता. 'पाहून राहिलीस ना? हवा पण आहे! एकदम पहाडावरच्यासारखी!' सोफा भिंतीला लावलेला, टीपॉय उचलून दिवाणावर ठेवलेला आणि मधल्या फरशीवर हा नारिंगी तंबू. दोन माणसांसाठीचा, असं खोक्यावर लिहिलं होतं. ती दोन माणसं आता आत होती. आत सगळंच नारिंगी दिसत होतं, त्याचे पांढरे केससुद्धा. वास नव्या रेक्झिनचा, शाळा सुरू होताना मुलांच्या दप्तरांना येतो तसा.

'पूर्ण बंद करून पाहू,' हे त्याचंच म्हणणं. 'समज, बर्फ पडून राहिला. समज, रात्र आहे. तिथं जाऊन शिकण्यापेक्षा इथं एकदा प्रॅक्टिस केलेली बरी.' तिला भाजी निवडायची होती. ती म्हणाली होती, 'तुम्ही बसून बघा, मी बाहेरून सांगते कसं दिसतं ते.' पण त्याला ती आत हवी होती. त्याला ती नेहमीच आत हवी असते, जिथं तो असेल तिथं. एक वर्षापूर्वी फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून तर हे फारच झालं होतं. ती स्वयंपाकघरात गेली की तो डायनिंग टेबलाशी येऊन बसे, ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की जिन्याच्या मधल्या पायरीवर. बोलायचं काही नसे. पेपर असे हातात. तिनं बेडरूमचं दार लोटलं, दहा मिनिटं पाठ टेकावी म्हणून, तर ते उघडत असे आणि तो तिथंच चौकटीत उभा राहून विचारत असे, 'काहून, डोकं दुखून राहिलं का?' 'नाही.' 'मग दार काहून बंद केलं?' ती उठून पुन्हा कामाला लागे. लग्न झालं तेव्हापासून हे असंच. या घरात दारं बंद होत नसत. न्हाणीघराची कडीसुद्धा तो लावत नसे, नुसतं दार लोटून मोठ्यानं खाकरत बसे, आणि पाहुणे आले की वसुधाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मार्चमध्ये ऋचाचा फोन आला तेव्हा वसुधा शाळेच्या स्टाफरूममध्ये होती, समोर नववीचे गणिताचे पेपर. ऋचा बेंगळुरूला, एकुलती एक, नोकरी बदलण्याच्या मधल्या मोकळ्या दिवसांत. 'आई, चल ना माझ्यासोबत. लाहौलच्या वर. रोड खतम होतो ना, तिथून पुढे पैदल. टेंट, सॅक, ग्लेशियर, सब. गाइड आहे, चार-पाच जणी आहेत. तू जवानीत केलं होतंस ना माउंटेनिअरिंग? फोटो आहे तुझा, रस्सी खांद्यावर घेतलेला. मी लोकांना दाखवते तो.' वसुधानं 'बघते' म्हणायचं ठरवलं होतं आणि तोंडातून 'येते' निघालं. शेजारच्या खुर्चीवरची शर्मिला तिच्याकडे पाहू लागली. वसुधाचा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. शर्मिलानं विचारलं, 'सब ठीक है ना, दीदी? किसी की तबियत…' 'नहीं नहीं,' वसुधा म्हणाली, 'मैं पहाड़ पे जा रही हूँ.' त्या दिवशी ती शाळेतून निघाली ती घराकडे वळलीच नाही. मदनमहालच्या टेकडीवर चढली, साडीचा पदर खोचून, त्या काळ्या गोल शिळांमधून. वर पोचेपर्यंत छाती भरून आली, पोटऱ्या थरथरू लागल्या, आणि त्या थरथरीला तिनं ओळखलं. खूप वर्षांनी गावाहून कुणी यावं आणि आपण त्याला चालण्यावरून ओळखावं, तसं.

घरी आल्यावर तिनं सांगितलं आणि शैलेंद्रनं पेपर बाजूला ठेवला. मग त्याचा चेहरा उजळला. 'मी पण येतो,' तो म्हणाला.

एवढंच. पण त्या दिवसापासून ती सहल तिच्या हातून निघून गेली. तो काही वाईट माणूस नव्हता. फॅक्टरीत असताना त्याच्या हाताखालच्या माणसांनी त्याला निरोप देताना खरोखर डोळे पुसले होते. पण एखादी गोष्ट त्यानं हातात घेतली की ती त्याची होई, आणि मग तीत राहायचं तर त्याच्या परवानगीनं राहावं लागे. टीव्हीशेजारच्या भिंतीवर नकाशा आला. उंचीचे आकडे आले. सकाळी चालायला जायचं ते दोघांनी, त्याच्या चालीनं, गढ्याच्या बाजारातून निघून तलावाला वळसा घालून परत. वाटेत जो भेटेल त्याला तो थांबवून सांगे, 'हम लोग हिमालय जा रहे हैं, भैया. ट्रेकिंग.' हम लोग. ऋचाचा फोन आला की तो स्पीकरवर टाके. ऋचा आधी जरा अडखळली होती, 'बाबा, तुम्ही पण? अच्छा… चलो, मस्त,' आणि मग आई काहीतरी बोलेल म्हणून थांबली होती. आई बोलली नाही. बोलून काय सांगणार होती? की मला तुझे बाबा नको आहेत, थोडे दिवस? असं वाक्य मराठीत कुणी कधी बोललं असेल असं तिला वाटेना. हिंदीतही नाही.

'निकल ही नहीं रही साली,' शैलेंद्र म्हणाला. आता तो गुडघ्यांवर उभा होता, पाठ तिच्याकडे. बनियन पाठीला चिकटली होती. त्यानं दोन्ही हातांनी चेन धरली आणि झटका दिला. सगळा तंबू हलला, काड्या वाकल्या. एका कोपऱ्याला ठेवलेला पाट, खुंटीऐवजी, फरशीवर खरखरला.

अडकलेली चेन कधी पुढं ओढायची नाही. ती आधी मागं न्यायची, दोन बोटं, आणि कापड आडवं ताणून हळूच सोडवायचं. हे वसुधाच्या हातांना माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं कुणीतरी, हातमोजे घातलेल्या बोटांनी. कॉलेजच्या एन.सी.सी.तून गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी तिची निवड झाली होती. वडील रेल्वेत, त्यामुळे पास होता, आणि आईनं लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालायला विणून दिले होते. शेवटच्या वरच्या कॅम्पवर बर्फ सुरू झालं. शिकवणारे उस्ताद ओरडत आले की कोणीही तंबूच्या बाहेर पडायचं नाही. तिच्या तंबूत पूर्णिमा होती, रायपूरची, बारीक आवाजाची मुलगी. पहिल्या दिवशी दोघी हसत होत्या, दुसऱ्या दिवशी पूर्णिमा रडली, आणि मग दोघी गप्प झाल्या. छतावर बर्फ साचून कापड खाली येई, नाकाला टेकेल इतकं. आतून हातानं थापटायचं, की सर्रकन घसरून जाई आणि एवढासा उजेड येई. पुन्हा काळोख साचे. मग पुन्हा थापटायचं. बाकी काही करायचं नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाचं पान वाढायचं नव्हतं, कुणाला आपण कुठं आहोत हे सांगायचं नव्हतं. वसुधा तिथं झोपली, तशी ती त्याआधी आणि त्यानंतर कधी झोपली नाही. जाग आली की आपला श्वास पांढरा होऊन वर जाताना दिसे, आणि तिला वाटे, हा माझा आहे. खाली उतरल्यावर सगळ्या मुली त्या बर्फाची गोष्ट संकट म्हणून सांगत होत्या. तिनंही तशीच सांगितली. आईला, नंतर सासरी, नंतर ऋचाला झोपवताना. 'मग तू घाबरलीस?' 'हो, खूप.' खरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. ती आनंदात होती, आणि बर्फ थांबलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं.

'वसुधा.'

त्याचा आवाज बदलला होता. ती मागून पाहत होती, म्हणून तिला आधी मान दिसली. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. त्यानं खालच्या वीतभर फटीत हात घातला होता, कोपरापर्यंत, आणि तो हात बाहेर फरशीवर काहीतरी शोधत होता. 'वसुधा, उघड. उघड हे.'

'ओढू नका,' ती म्हणाली.

'उघड म्हणतो ना!' त्यानं तोंड त्या फटीपाशी नेलं. जमिनीवर गाल टेकवून तो कूलरची हवा ओढू लागला, मोठमोठ्यानं, जशी ती पुरणारच नव्हती. खरं तर आत हवा होती. वरच्या अंगाला जाळीचे दोन झरोके होते, तिला गार झुळूक लागत होती मानेला. हात पुढं केला असता तर चेन सुटली असती. दोन बोटं मागं, कापड आडवं. तिचा हात तिच्या मांडीवर होता. तो उचलला गेला नाही.

नंतर पुष्कळदा तिनं आठवून पाहिलं, की आपल्या मनात तेव्हा काय होतं. राग नव्हता. सूड तर नव्हताच, कसला सूड घ्यायचा? एक शांतपणा होता, पांढरा, आणि त्याच्यामध्ये बसून ती पाहत होती की हा माणूस, ज्याच्या हालचाली तिला पाठ होत्या, आज पहिल्यांदा काहीतरी न पाठ असलेलं करतो आहे. आणि आपण ते थांबवू शकतो. आणि आपण थांबवत नाही आहोत. हे तिसरं वाक्य मनात उमटलं तेव्हा ते तिला कळलं, आणि कळूनही ती तशीच बसली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. कूलर एकदा थांबून पुन्हा सुरू झाला, लाइट गेल्यासारखी होऊन आली, तेवढा वेळ तरी.

मग शैलेंद्र म्हणाला, 'दार उघडा ना.' बारीक आवाजात. 'आता नाही करणार. दार उघडा ना.'

उघडा. तिला तो कधी 'उघडा' म्हणाला नव्हता. तो तिच्याशी बोलतच नव्हता. वसुधा गुडघ्यांवर पुढं सरकली, त्याच्या अंगावरून हात घालून तिनं चेन मागं घेतली, कापड ताणलं, आणि ती सुटली, सहज. तो हात-पाय टेकत बाहेर पडला, सोफ्याच्या पायाला डोकं आपटून तसाच पुढं गेला. उठून त्यानं समोरचं दार उघडलं, मग मागचं, मग खिडक्यांचे पडदे ओढले, आणि भर उन्हात अंगणात जाऊन उभा राहिला, अनवाणी. पलीकडच्या घराच्या गच्चीवर अनसूयाबाई पापड उलथत होत्या, त्यांनी विचारलं, 'क्या हुआ, भाईसाहब?' 'कुछ नहीं, भाभीजी,' तो म्हणाला, 'ऐसे ही. धूप देख रहा था.'

तिनं पाण्याचा पेला नेऊन दिला. त्यानं तिच्याकडे न पाहता तो घेतला.

दुपार टळल्यावर, ती तंबू आवरत होती तेव्हा, तो दाराशी येऊन बसला. ती काड्या एकात एक मोडून ठेवत होती. 'कोणाला म्हणत होतात,' तिनं विचारलं, 'दार उघडा म्हणून?'

'मी म्हणालो?'

'हो.'

तो बराच वेळ अंगठ्याचं नख खरवडत बसला. 'लहानपणी घमापुरच्या घरी पेटी होती,' तो म्हणाला. 'रजयांची. लोखंडी, मोठी. उन्हाळ्यात रिकामी असायची. काका मला आत टाकून वर बसायचे. गंमत. सगळे जमून हसायचे.' मग थोड्या वेळानं, 'मी पण हसायचो. बाहेर आल्यावर.'

'मला कधी सांगितलं नाही तुम्ही.'

'सांगण्यासारखं काय आहे त्यात? लहान पोरांशी करतात लोक मस्करी.' तो उठला. 'मला वाटलं होतं, आता या वयात नसेल होत. म्हणून तर इथं लावून पाहिला. म्हटलं, तिथं सगळ्यांसमोर नको.' आणि आत जाताना, पाठ फिरवूनच, 'ऋचाला सांगून दे. आपलं कॅन्सल म्हणून.'

'बरं,' वसुधा म्हणाली. सवयीनं.

ती तंबूचं कापड छातीशी धरून तिथंच बसली. आपलं. त्याला जाता येत नाही, म्हणून आपलं कॅन्सल. हे त्याच्या मनात इतकं सरळ होतं की त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही. पण तिला त्याचा राग येईना, आणि हेच वाईट होतं. आजवर निदान चिडता येत होतं. या उघड्या दारांवर, त्या खाकरण्यावर, ऋचाच्या बेंगळुरूच्या सोसायटीत लिफ्ट असताना 'व्यायाम' म्हणून सहा मजले चढणाऱ्या आणि वर येऊन धापा टाकत तिच्याकडे कौतुकासाठी पाहणाऱ्या या माणसावर ती इतकी वर्षं मनातल्या मनात चिडत आली होती. चिडायची तेवढी एक खोली तिची स्वतःची होती, तिला कुणी हात लावला नव्हता. आता त्या खोलीत एक लोखंडी पेटी येऊन बसली होती आणि पेटीत सहा-सात वर्षांचं पोर. त्याच्यावर कोण चिडणार? आणि आज त्या पेटीवर बसायला काकांच्या जागी कोण होतं, हेही ती जाणून होती. तो जाणत नव्हता. त्यानं उलट रात्री जेवताना म्हटलं, 'बरं झालं तू होतीस. नाहीतर मी फाडून टाकला असता तंबू.' ती पोळीवर तूप लावत राहिली. तूप जास्त झालं.

पुढचे दिवस फार उन्हाचे गेले. तिनं ऋचाला फोन केला नाही. सकाळी चालायला जाणं त्यानं बंद केलं, नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळी करून कपाटावर ठेवला, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांनी विचारलं की तो सांगे, 'मिसेस की छुट्टी का प्रॉब्लेम हो गया.' ती शेजारी उभी असे. मान हलवे. गढ्याच्या बाजारात दोडकी निवडताना एकदा तिला एकदम श्वास पुरेनासा झाला. भोवती माणसं, हातगाड्या, ऊन, वर जुन्या साड्यांची सावली बांधलेली, आणि त्या साडीतून खाली पडणारा उजेड नारिंगी. ती भाजीवाल्याच्या ओट्याला धरून उभी राहिली. तिला वाटलं, हे त्याचं आहे, मला काहून होतंय? का त्या दिवशी तंबूत त्याच्या तोंडातून निघून ते माझ्या आत आलं? घरी येऊन ती मुद्दाम न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि पाणी न सोडता नुसती उभी राहिली. बाहेर त्याची पावलं आली. थांबली. या वेळी त्यानं विचारलं नाही. पण तो तिथंच उभा आहे हे तिला कळत होतं, आणि तो का उभा आहे हे तिला आता माहीत होतं. दाराच्या त्या बाजूला तो नव्हताच, आत ती कोंडली गेली आहे ही भीती उभी होती, तिच्या वतीनं. तिनं कडी काढली. दोघं एकमेकांकडे बघून, काही कारण नसताना, ओशाळवाणं हसली.

प्रेम म्हणतात ते हेच असेल, असंही तिला त्या दिवशी वाटलं. असेल. पण त्यानं छातीवरचं ओझं कमी होईना. उलट आधी तिच्या एकटीचं होतं ते आता दोघांचं झालं.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना ऋचाचा फोन आला. शैलेंद्र समोर बसला होता. वसुधानं फोन उचलला आणि स्पीकर लावला नाही. 'आई, गाइडला आज सांगायचंय. तुझं आणि बाबांचं फायनल ना? दोघांसाठी एकच टेंट ठेवू का?' शैलेंद्रनं तोंडातला घास चावायचा थांबवला होता. फोनमधला आवाज त्याला पुसट ऐकू येत असणार. त्यानं मान हलवली, नाही, सांग तिला, नाही. त्याच्या मिशीला लिंबाची बी चिकटली होती. ती काढावी म्हणून वसुधाचा हात जरा वर आला, आणि तिथंच, अधांतरी राहिला.

'बाबांचं नाही,' ती म्हणाली. 'माझं फायनल. तू आणि मी एका टेंटमध्ये.'

पलीकडे ऋचा हळूच म्हणाली, 'सच्ची, आई?' वसुधानं हो म्हटलं, मग बोलते म्हणाली, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

शैलेंद्र बशीकडे पाहत होता. 'मी म्हणणारच होतो,' तो म्हणाला. 'मी कालच विचार केला. म्हटलं, वसुधाला जाऊ द्यावं. एकटीला. मी सांगणार होतो तुला आज.'

खरं असेल. त्याच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं. त्याला ते द्यायचं होतं आणि तिनं ते आधीच उचललं होतं, आणि आता त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. मागं घ्यावं का? म्हणावं का, अहो, तुम्ही म्हणता म्हणून जाते? एवढंच म्हणायचं होतं. एका वाक्यानं सगळं घर पूर्ववत झालं असतं.

'अच्छा,' ती म्हणाली.

'रोज फोन करत जा. संध्याकाळी. मी इथं फोनजवळच असेन.'

'तिथं रेंज नसते. खिंड चढून पलीकडे उतरेपर्यंत काहीच नसतं.'

'एकदाही नाही?'

'नाही.'

'मग मला कळणार कसं? तू ठीक आहेस म्हणून?'

'नाही कळणार.'

तो तिच्याकडे पाहू लागला. काही चुकलंय का तिच्यात, तब्येत वगैरे, तसं. बाहेर रस्त्यावरून कबाडीवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज कोपऱ्यावर वळून बारीक होत गेला. 'आणि इथं मला काही झालं तर?' शैलेंद्रनं विचारलं. त्यानं धमकी दिली नव्हती. खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी थांबला होता.

'तर मला खाली उतरल्यावर कळेल,' ती म्हणाली.

बोलून झाल्यावर ते वाक्य टेबलावर तसंच राहिलं, पोह्यांच्या बशांमध्ये. तिनं ते मऊ केलं नाही, वर काही घातलं नाही. शैलेंद्रनं एकदा मान हलवली, कुणीतरी लांबलचक हिशेब समजावून सांगितल्यासारखी, आणि उठला. तिला वाटलं तो अंगणात जाईल. तो स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला. एक झाकण पडून गोल फिरत राहिलं, बराच वेळ, आणि मग कुणीतरी पायानं दाबल्यासारखं गप्प झालं.

'चहा करून राहिलो,' तो आतून म्हणाला. 'घेशील ना?'

'घेईन.'

'चहापत्ती कुठं असते?'

ती उठू लागली. पायांनी जोर घेतलासुद्धा. मग तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, बोटं पांढरी होईपर्यंत, आणि म्हणाली, 'तिथंच आहे. शोधा.' आत डबे उघडून बंद होत होते, एकामागून एक. ती खुर्ची धरून बसली, आणि गॅस पेटल्याचा आवाज येईपर्यंत तिनं हात सोडले नाहीत.